बिनघंटेचा शुक्रवार

पॅट्रिशियाच्या हातांना सुक्या बोंबलाचा वास होता आणि तो काही केल्या जात नसे. चौक गावातल्या बायकांकडून बोंबील, करदी, जवळा घ्यायचा, टोपलीत भरायचा, बसने भाईंदर गाठायचं आणि तिथून रिक्षात बसून मीरा रोडला, नया नगरच्या फुटपाथवर पथारी मांडायची, हा तिचा धंदा. नवरा गॅब्रियल समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्वयंपाकी. तो महिनाभर पाण्यात आणि महिनाभर घरात. पाण्यात असला की त्याच्या फोनला रेंज लागली तर लागली.

रविवारी देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेला जाण्याआधी मात्र पॅट्रिशिया मोरीत बसून हातांना लिंबू चोळायची. साल पांढरी पडेपर्यंत चोळायची. कारण मिस्सा संपली की फादर तिच्या हातात एक छोटी सोनेरी डबी द्यायचे. डबीत ख्रिस्तप्रसाद, मिस्सेतली पवित्र भाकर. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना देवळापर्यंत येववत नाही, त्यांच्या घरी ती पोचवायची. फादर एकटे कुठे कुठे पुरणार? म्हणून प्रत्येक पाखाडीसाठी, म्हणजे वस्तीसाठी, एक माणूस नेमलेलं होतं. चौकच्या खालच्या पाखाडीची पॅट्रिशिया.

ही नेमणूक झाली तेव्हा गावात कुजबूज झालीच. "बोंबीलवाली देवाला हात लावनार काय आता?" मासळी वाळवायच्या आवारात कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "दोन पोरं पदराला, नवरा दर्यात. करील चार दिवस न् ठेवील डबी फळीवर." त्या हशात एकच म्हातारी हसली नव्हती. नातालबाय. आवाराच्या कडेला बसून ती करदी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "येशूच्या त्या पेत्राच्या हाताला काय गुलाबाचा वास येत व्हता गो? तो पन आपल्यातलाच. जालीच ओढीत व्हता."

पॅट्रिशिया ते वाक्य अजून उशाशी घेऊन झोपायची म्हटलं तरी चालेल.

तीच नातालबाय आता खाटेवर होती. घशात गाठ झालेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. चमच्याने पाणी जायचं, तेही ठसका लागत लागत. दर रविवारी पॅट्रिशिया भाकरीचा कण मोडून चमचाभर पाण्यात भिजवायची आणि तिच्या जिभेवर ठेवायची. म्हातारी डोळे मिटून कितीतरी वेळ तोंड हलवायची. मग म्हणायची, "आता बरं वाटलं बग." एवढंच तिचं जेवण राहिलं होतं, असं तिची सून क्लारा म्हणे.

*

झावळ्यांच्या रविवारपासूनच सगळं बिनसलं. ईस्टरच्या आधीचा तो रविवार. सगळा गाव हातात माडाच्या झावळ्या घेऊन देवळात उभा. फादर लांबलचक वाचन करत होते आणि पॅट्रिशियाचा प्रिन्स, आठ वर्षांचा, तिच्या कमरेला टेकून उभा होता. त्याचं अंग तिला कपड्यातून भाजलं. तिने कपाळाला हात लावला तोवर पोरगा भडाभडा ओकला. झावळी, बाकडं, पुढच्या बाईची साडी, सगळं माखलं. पॅट्रिशियाने ओढणीने पुसलं, त्याला खांद्यावर टाकलं आणि मागच्या दाराने घरी निघाली. डबी त्या दिवशी देवळातच राहिली.

घरी येऊन तिने क्लाराला फोन लावला. "बायला सांग, उद्या येते. प्रिन्सला जरा बरं न्हाय."

"उद्या नक्की ना गो? ती सकालपासून वाट बगते."

"नक्की."

पण सोमवारी माल पडून होता. आदल्या आठवड्यात उचललेले बोंबील विकले गेले नाहीत तर वास धरतात. प्रिन्सला आणि धाकट्या स्टेफनीला शेजारच्या दुर्गाकडे ठेवून ती गेली. दुर्गा भाडेकरू, मशीनवर ब्लाउज शिवायची, मूळची परळची. मुलांना जीव लावायची, पण चर्चबिर्च तिला काही कळायचं नाही आणि तिने कधी कळल्याचा आवही आणला नाही.

"जा तू," दुर्गा म्हणाली. "मी बघते. पण औषध किती वाजता ते लिहून नको देऊस, तोंडी सांग. तुझं अक्षर मला वाचता येत नाही."

नया नगरात ऊन डोक्यावर आलं. एक बाई बोंबील हातात घेऊन उलटसुलट करत होती. "आंटी, इसमें रेत है."

"समंदर का मच्छी है, तो रेत भी समंदर काच आयेगा ना. धो के खाओ."

"पिछली बार भी यही बोला था."

"पिछली बार भी समंदर वहीच था."

बाई हसली आणि घेऊन गेली. पॅट्रिशियाही हसली, पण हसताना तिचं लक्ष टोपलीखाली ठेवलेल्या फोनवर होतं. संध्याकाळी ती घरी आली तर दोन्ही पोरं एकाच चादरीत. स्टेफनीचंही अंग तापलेलं.

तिथून पुढे तिच्या जिवाचं पाणी झालं. कारण स्टेफनीचा ताप साधा नव्हता. मागच्या वर्षी ताप डोक्यात चढून तिला आकडी आली होती. डोळे पांढरे, दातखीळ, पोरगी लाकडासारखी ताठ. डॉक्टर म्हणाले होते, वाढत्या वयात जाईल, पण ताप वर चढू द्यायचा नाही. म्हणून मंगळवारभर पॅट्रिशिया ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत बसली. एका हाताने पोरीचं अंग पुसायचं आणि दुसऱ्या हाताने प्रिन्सच्या तोंडापुढे वाटी धरायची. मधल्या वेळात गुरुवारच्या मिस्सेसाठी वेदीवरची कापडं इस्त्री करायची, तीही तिच्याच अंगावर. कापडांना औषधाचा आणि बामचा वास लागू नये म्हणून तिने ती ओट्यावर नेली आणि इस्त्रीची वायर खिडकीतून बाहेर ओढली.

बुधवारी क्लारा दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यापाशीच थांबली.

"बाय बोलते, पॅट्रिशिया विसारली काय मना."

"न्हाय गो. बगतेस ना घर." पॅट्रिशियाने आत बोट दाखवलं. "उद्या गुरवार. मिस्सा झाली की तिथूनच येते."

"तिचं आता पानीपन जात न्हाय धड. उद्या येशील ना?"

"सांगितलं ना, येते."

क्लारा गेली आणि तिच्या मागोमाग पास्कोल मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, वरच्या पाखाडीची डबी त्यांच्याकडे. कापडं न्यायला आले होते. पोरांकडे बघून म्हणाले, "तुला जमत नसेल तर सांग, पॅट्रिशिया. मी जाईन नातालबायकडे. मला काय, चार पावलं जास्त."

मास्तर मनापासून बोलले होते. पण पॅट्रिशियाला त्यात तो आवारातला हशा ऐकू आला. चार दिवस करील न् ठेवील डबी फळीवर. शिवाय नातालबायला दुसऱ्या कुणाच्या हातून भाकर जावी, हेही तिच्या मनाला पटेना.

"जमतंय मास्तर," ती म्हणाली आणि कापडांची घडी त्यांच्या हातात ठेवली.

*

गुरुवारी संध्याकाळी स्टेफनीचा ताप उतरल्यासारखा वाटला. पोरीने दोन घास पेज खाल्ली. पॅट्रिशियाने लिंबू कापलं, हात चोळले, दुर्गाला बोलावून आणलं आणि देवळाची वाट धरली.

गुरुवारच्या त्या मिस्सेत एकदा घंटा वाजतात. देवळातल्या सगळ्या, मोठी धरून. त्या वाजून थांबल्या की शनिवारी रात्रीपर्यंत पुन्हा वाजत नाहीत. येशू पकडला गेला, सुळावर गेला, थडग्यात गेला, तेवढा काळ घंटा मुकी. बोलवायचंच झालं तर लाकडी खटखट्या वाजवत पोरं पाखाडीतून फिरतात.

मिस्सा संपली. फादरनी डबीत भाकर ठेवली, झाकण दाबलं. तिने डबीची दोरी गळ्यात घातली आणि पदराखाली छातीशी धरली. डबी गळ्यात आली की एक रीत असते. वाटेत थांबायचं नाही, बोलायचं नाही, सरळ आजाऱ्याचं घर गाठायचं. समोरून येणाराही बोलत नाही. बाजूला सरतो, क्रुसाची खूण करतो आणि वाट देतो. गावातलं शेंबडं पोरही ही रीत पाळतं. देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या कुणीतरी क्लाराला फोन करून सांगितलंही, निघाली म्हणून. हीसुद्धा रीतच. म्हणजे तिकडे पांढरं कापड अंथरून मेणबत्ती लावून ठेवतात.

वेलंकनी मातेच्या क्रुसापाशी रस्ता फुटतो. डावीकडे नातालबायचं घर, उजवीकडे पॅट्रिशियाचं. ती डावीकडे वळली आणि मागून चपलांचा फटफट आवाज आला.

"पॅट्रिशिया." दुर्गा धापा टाकत होती. तिला रीत ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तरी तिने पाळली नसती. "स्टेफनीला झटका आला. डोळे फिरवले तिने. चल."

पॅट्रिशिया उभी राहिली. डावीकडे, पाखाडीच्या टोकाला, उघड्या दारात उजेड दिसत होता. हाकेच्या अंतरावर होतं घर. पण ती उजवीकडे धावली. छातीवर डबी आपटत राहिली.

शेजारच्या पिंटूची रिक्षा दारातच होती. तो आधी क्रुसाची खूण करून बाजूला सरला आणि मग पोरगी बघून हँडलला भिडला. वाटेतलं मोरवा गाव कधी आलं, कधी गेलं, पॅट्रिशियाला कळलं नाही. मांडीवर ताठरलेली पोरगी, तिच्या दातांच्या फटीतून येणारा फेस, आणि स्वतःच्या तोंडातून निघणारा एकच शब्द. "जोरात, पिंटू. जोरात." रीत तिथे मोडली.

भाईंदरच्या दवाखान्यात सुई टोचली, मास्क लावला, आणि पोरगी हळूहळू सैल झाली. डॉक्टर म्हणाले, रात्रभर इथेच ठेवू. पॅट्रिशिया खाटेच्या कडेला बसून तिला कुशीत घेत होती तेव्हा नर्स म्हणाली, "गळ्यातलं ते काढून ठेवा ना ताई. बाळाला टोचेल. काय आहे, तावीज का?"

पॅट्रिशियाने तिच्याकडे पाहिलं. सांगायला किती सांगावं लागलं असतं.

"हां," ती म्हणाली. "तावीजच."

आणि दोरी मागे फिरवून डबी पाठीवर टाकली.

त्यानंतर स्टेफनी झोपली आणि पॅट्रिशियाने फोन हातात घेतला. पास्कोल मास्तरांचा नंबर समोर होता. एक फोन केला असता तर मास्तर उठून देवळात गेले असते, फादरकडून दुसरी भाकर घेतली असती, नातालबायकडे पोचले असते. पण मग सांगावं लागलं असतं की देवाला पाठीवर टाकून मी दवाखान्यात बसलेय. मास्तर काही बोलले नसते. ते काही बोलले नसते, हेच तिला सोसलं नसतं. आणि सकाळी जाऊच की, तिने स्वतःला समजावलं. म्हातारी इतके दिवस थांबली, एक रात्र थांबेल. निदान क्लाराला तरी कळवावं, असं तिच्या मनात आलं तोवर बॅटरी संपून फोन काळा झाला होता. चार्जर घरी होता.

ती तशीच बसून राहिली.

*

शुक्रवारी सकाळी, गुड फ्रायडेच्या दिवशी, पोरीला सोडलं. पिंटूच न्यायला आला, पण रस्ताभर तो गप्प होता. एरवी त्याचं तोंड चालू असतं. पॅट्रिशियाला वाटलं, डबी आहे म्हणून.

घरी प्रिन्स उठून बसला होता. दुर्गाने त्याला बिस्किटं दिली होती. "घरमालकीणबाई सकाळी धावत कुठे गेल्या," दुर्गा म्हणाली, "काही बोलल्या नाहीत. तू आधी चहा पी."

"आल्यावर."

"काल रात्रीपासून काही खाल्लंस का?"

"आल्यावर म्हटलं ना."

फोन चार्जिंगला लावला, सुरू होण्याची वाट बघितली नाही. अंघोळ केली. लिंबू उरलं नव्हतं, म्हणून साबणानेच हात घासले. धुतलेली साडी नेसली, डबी पुन्हा पुढे घेतली आणि निघाली. मनात एकच हिशोब होता. रात्री काही झालं असतं तर कळलं असतं. गावात माणूस गेलं की देवळाची मोठी घंटा सावकाश, थांबून थांबून वाजते. गडी असो वा बाई, म्हातारं असो वा पोर. मोरव्याच्या रिक्षास्टँडवरसुद्धा लोक ऐकतात आणि विचारतात, कोन गेलं. आज सकाळपासून घंटा वाजलेली नव्हती.

घंटा शनिवारपर्यंत वाजणारच नाही, हे तिला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं. पण त्या सकाळी ते तिच्या डोक्यात शिरलं नाही.

वाटेत माणसं भेटली. मासळीच्या आवारात आज कुणी काम करत नव्हतं, तरी बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिला पाहून त्या बाजूला झाल्या, क्रुसाची खूण केली. एकीचा हात कपाळावरच थांबला, ती काहीतरी बोलणार होती. दुसरीने तिचा दंड दाबला. डबीपुढे बोलत नाहीत. पुढे पास्कोल मास्तर येत होते. त्यांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. पॅट्रिशियानेही मान खाली घातली आणि मनात म्हटलं, बघा, जमतंय.

नातालबायच्या दारासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आज शुक्रवार, रोझरीच्या प्रार्थनेला लोक जमले असतील, असं वाटून ती पायरी चढली.

खाट भिंतीकडे सरकवली होती. नातालबाय मधल्या बाकावर होती. अंगावर पांढरी साडी, हातात माळ गुंफलेली, जबड्याखालून पांढरी पट्टी बांधलेली. उशापाशी स्टुलावर तेच पांढरं कापड, पेलाभर पाणी, चमचा. मेणबत्ती मात्र नवी होती. जुनीचं मेण वितळून कापडावर पसरलं होतं.

क्लारा भिंतीशी बसली होती. तिने वर पाहिलं. बाकीच्या बायका गुडघ्यांवर बसल्या, डबीसाठी.

"रातभर तोंड उघडून बसली व्हती," क्लारा म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू निघालीस म्हनून फोन आला, तवापासून पानी बंद केलं तिनं. जुन्या लोकांची रीत, सायबाची भाकर घ्यायची तर त्याच्याआधी कायपन न्हाय. मी चमचा धरला तर मान फिरवली. बोलली, पॅट्रिशिया येते. व्हट सुकून चिरले, तरी न्हाय. पाटे गेली."

पॅट्रिशिया उभीच राहिली. सांगण्यासारखं सगळं होतं. आकडी, रिक्षा, दवाखाना. तिने स्टुलावरचा कोरडा चमचा सरळ करून ठेवला.

"मी मास्तरांना फोन करनार व्हते," क्लारा म्हणाली. "ती नको बोलली. बोलली, पोरीचं मन मोडंल."

कुणीतरी हुंदका दिला. क्लारा उठली, जवळ आली. "आनलंस ना? ठेव मग तिच्या तोंडात. पट्टी सोडते मी."

"क्लारा, गेलेल्या मान्साला देत न्हाईत गो."

"कन ठेव एवढासा. कोन बगते?"

पॅट्रिशियाने डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली. साबणाखालून बोंबलाचा वास वर येत होता. तिला ठेवावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. पण तिने मान हलवली.

"रीत न्हाय."

"रीत," क्लारा म्हणाली. "बरं." आणि परत जाऊन भिंतीशी बसली.

*

डबी भरलेली होती, ती देवळात परत न्यायला हवी होती. पॅट्रिशिया आल्या वाटेनेच निघाली. तीच माणसं पुन्हा बाजूला झाली, तीच खूण केली. आता तिला कळत होतं, ती का गप्प आहेत. कुणी एक शब्द बोललं असतं, शिवी दिली असती, तरी तिला आधार वाटला असता.

देवळात वेदी उघडी होती. तिने इस्त्री केलेली कापडं गुरुवारी रात्रीच तिथून उतरवलेली होती, तीही रीतच. प्रसादाची पेटी सताड उघडी, आत काही नाही. फादर बाजूच्या खोलीत होते. तिने त्यांच्यापुढे डबी ठेवली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. दवाखाना, तावीज, मास्तरांचा न लावलेला फोन. फादर ऐकत राहिले. मग त्यांनी डबी कपाटात ठेवली.

"पोरीला बरं आहे ना?"

"हो फादर."

"रविवारी घेऊन जा डबी. तुझ्या पाखाडीत अजून दोघं आहेत."

"मास्तरांकडे द्या, फादर."

"शिक्षा म्हणून म्हणतेस का?"

"न्हाय." "मी आता जमतंय म्हनून बोलेन, न् मलाच खरं वाटनार न्हाय."

फादरनी जबरदस्ती केली नाही.

गुड फ्रायडेला मयताची मिस्सा होत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर नातालबायला तसंच दफनभूमीत नेलं. पुढे एक माणूस लाकडी खटखट्या वाजवत चालला होता. खट, खट, खट. चाळीतलं दार वाऱ्यावर आपटावं तसा आवाज. घंटा असती तर दर्यावर गेलेल्यांनाही कळलं असतं. आता गावापलीकडे कुणाला कळलं नाही.

लोकांनी रांगेने मूठमूठ माती टाकली. पॅट्रिशियाचा नंबर आला तेव्हा तिने माती उचलली आणि तिचा हात क्षणभर तसाच राहिला, मागच्याने हळूच खोकेपर्यंत. मग तिने मूठ सोडली.

बाहेर पडताना क्लारा शेजारून चालत होती. फाटकापाशी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"ताप उतारलाय."

"हां," क्लारा म्हणाली आणि आपल्या माणसांत मिसळली.

घरी दुर्गा दारातच बसली होती. तिला आता सगळं कळलं होतं. "मला काय माहीत गं," ती म्हणाली, "तुमची घंटा वाजली नाही, म्हणून मला कळलंच नाही. कळलं असतं तर तुला सकाळीच सांगितलं असतं."

पॅट्रिशिया आत गेली. फोन भरून पडला होता आणि त्याच्यावर सकाळपासूनचे निरोप साचले होते. सगळे एकाच बातमीचे. स्टेफनी जागी होती, घसा बसलेला.

"मम्मा, पानी."

पॅट्रिशियाने पेला भरला, पोरीची मान हातावर घेतली आणि चमच्याने पाणी पाजू लागली. पोरगी हाताने पेलाच मागत होती, तिला चमचा नको होता. तरी पॅट्रिशिया चमचा चमचाच पाजत राहिली.